कमरेतला अर्धा इंच

माझ्या थोरल्या भावाला घरात सगळे ‘उद्यापासून’ म्हणतात. नाव काही उगाच पडलेलं नाही. दोरीवरच्या उड्या, गच्चीवरच्या फेऱ्या, बिनसाखरेचा चहा, सगळं त्याने उद्यापासून सुरू केलं आणि परवा सोडलं. वीस वर्षं नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीत बसून गडी खिडकीएवढाच रुंद झाला होता. आम्ही हसायचो, तोही हसायचा.

मग माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि हसणं बंद झालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. घरात फक्त दादाची किडनी जुळली. डॉक्टर त्याला म्हणाले, “बारा किलो उतरवा, मग घेऊ. सहा महिन्यांनी या. आणि रोज काट्यावर उभे राहू नका, धीर सुटतो. कपडे सैल झाले की कळेलच.”

हा सल्ला दुसऱ्या कुठल्याही घरात चालला असता. आमची वहिनी शिवणकाम करते.

पहिला महिनाभर दादा रोज सकाळी सहाला चालायला गेला. गुडघे धरून परत यायचा. पँट मात्र होती तशीच घट्ट. एका सकाळी तो पलंगावर नुसता बसून राहिला. “माझ्याच्याने नाही होणार गं,” वहिनीला म्हणाला.

तो कामावर गेल्यावर वहिनीने त्याच्या धुतलेल्या पँटींची मागची शिवण उसवली, आत दुमडलेल्या जादा कापडातून अर्धा इंच सोडला आणि पुन्हा मशीन मारली. हात सफाईचा, संशय येतो कसला!

दुसऱ्या दिवशी दादा कमरेत दोन बोटं घालून माझ्या खोलीत हजर. “बघ रे, बोटं जातात!” अंगावर मूठभर मांस चढलं त्याच्या. त्या दिवशी तो संध्याकाळीही चालून आला. वहिनीला वाटलं, मार्ग सापडला. पुढे तो खचला की ती शिवण उसवायची. असं तीनदा झालं.

पण त्या सैल पँटने त्याला लाडावून ठेवलं. “उतरतंय की! एका बिस्किटाने काय होतंय?” आधी रविवारचं चालणं बुडलं, मग बुधवारचं. मीही त्याला शाबासकी देत राहिलो. मला जगायचं होतं, म्हणून मला ती पँट खरी वाटत होती.

सहा महिन्यांनी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. दादा काट्यावर चढला. वजन दीड किलोने वाढलं होतं.

“काटा बिघडलाय तुमचा,” तो म्हणाला. नर्सने दुसऱ्या काट्यावर उभं केलं. आकडा तोच.

वहिनी भिंतीला टेकली आणि रडतरडत तिने सगळं सांगून टाकलं. “तुम्ही चालणं सोडाल म्हणून केलं हो.”

दादा तिला एका शब्दाने बोलला नाही. मी बोललो. तिथेच, चारचौघांत, नाही नाही ते बोललो. त्याची अजून लाज वाटते आणि खरं सांगायचं तर रागही अजून गेलेला नाही. माझ्यासाठी जिने शिवण उसवली, तिच्यावरच राग. दुसऱ्या कुणावर काढू?

त्या दिवसापासून मात्र दादा इरेला पेटला. सकाळ-संध्याकाळ चालणं, अंगात कणकण असली तरी चालणं. रोज औषधांच्या दुकानात जाऊन वजन करायचा. बिस्किटाला हात लावला नाही. आकडा खरोखर उतरायला लागला, आणि मी पुन्हा मनातल्या मनात दिवस मोजायला लागलो.

आठव्या महिन्यात डॉक्टरांनी माझं हृदय तपासलं. ते फार थकलंय म्हणाले. आता शस्त्रक्रिया झेपणार नाही, किडनी कुणाचीही असो. आशा सोडवत नव्हती म्हणून मी दोनदा तेच विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी तेच उत्तर दिलं.

काल दादाचे बारा किलो पूर्ण उतरले. हे मला वहिनीने सांगितलं.

आज सकाळी सहाला तो दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

“आता कशासाठी रे दादा?” मी पलंगावरूनच विचारलं.

“सवय लागली,” तो म्हणाला. मान काही त्याने वर केली नाही.