मालवणी समजणारं विमान

लालबागच्या एका दुकानात लॅपटॉप दुरुस्त होण्याची वाट बघत होतो, तेव्हा एक काका शेजारच्या खुर्चीत बसले होते. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि उजव्या हाताला फक्त अंगठा. बाकीची बोटं कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली होती. समोरच्या कॉम्प्युटरवर ते विमान उडवायचा गेम खेळत होते. डाव्या हातात विमान वळवायची जॉयस्टिक होती, त्यामुळे बटणं दाबण्याऐवजी माइकवर बोलून हुकूम देत होते. पण त्यांचं इंग्रजी कॉम्प्युटरला कळेना. विमान दोनदा आपटलं.

"काका, उच्चार जरा सुधारा," दुकानदार म्हणाला.

"गेम माका काय शिकवतलो? मीच तेका शिकवतंय!"

त्यांनी सेटिंग उघडून एकेक इंग्रजी हुकूम पुसला आणि घसा खाकरून तिथे माइकवर बोलून मालवणी शब्द भरले, प्रत्येक तीन-तीनदा. पुन्हा धावपट्टी जवळ आली. "चाकां खाली सोड," ते शांतपणे म्हणाले. चाकं खाली आली, विमान अलगद टेकलं. त्यांनी कॉलर नीट केली.

घराबाहेर मी कधी मालवणी बोलत नाही. त्या दिवशी भर दुकानात मोठ्याने म्हणालो, "झकास उतरवलात, काकानू!"