गल्लीतला एकच पास

आमची रिक्षा गल्लीला खुपत होती, ही खरी गोष्ट. बाकी शिस्त, रहदारी, मुलाबाळांची काळजी हे सगळे अर्जात लिहायचे शब्द. मी तेव्हाही तोंडावर म्हटलं, आजही म्हणते.

ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत आम्ही रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, मध्ये जेमतेम दीड गाडीची वाट. बाहेरची माणसं खुशाल आत स्कूटर लावून एसटी पकडायची, आंब्याच्या दिवसांत टेम्पो येऊन ठाण मांडायचे. त्रास होता, नाही कशाला म्हणू? म्हणून घरवाल्यांनी ठरवलं, नगरपालिकेला अर्ज करायचा: गल्लीत फक्त रहिवाशांच्या गाड्या, त्याही पास असलेल्या.

पण रहिवासी म्हणजे कोण? आम्ही भाडेकरू, एका खोलीतले. रिक्षा माझ्या बापाने माझ्या नावावर घेऊन दिलेली, चालवायचा नवरा. पहाटेच्या एसटीची माणसं सोडायची, मग मिरजोळ्याला कारखान्यांची. रिक्षा दारातच हवी. स्टँडवर ठेवली की बॅटरी गायब, दोनदा झालं होतं. दारातली जागा गेली असती तर खोली गेली असती, आणि दुसरी मिळणं काय सोपं होतं? आमची वाडी कुठली ते ऐकलं की "अरेरे, कालच दिली हो खोली" असं सात दारांत ऐकून आम्ही इथे आलो होतो. आमची मालकीण तेवढी म्हणाली होती, "राहा गो, मला काय त्याचं!"

सभा भरली निवृत्त हेडक्लार्कांच्या पडवीत. गल्लीचे पुढारी तेच. नवरा म्हणाला, "आपल्याला बोलावलेलं नाय, कशाला जातेस?"

"बोलावलं नाही म्हणूनच जाते," म्हटलं आणि पायरीशी जाऊन उभी राहिले.

हेडक्लार्क घसा खाकरून अर्ज वाचत होते. ज्याच्या गाडीच्या कागदांवर या गल्लीचा पत्ता असेल, त्यालाच पास. हे कलम त्यांनी मुद्दाम घातलेलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "भाडेकरूंचं काय, आज इथे, उद्या तिथे."

"आणि आमची रिक्षा?"

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"सारखाच लावा हं मग! आणा तो कागद, आमचा विरोध लिहून सही करते."

"सह्या रहिवाशांच्या," ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली. मी ताठ मानेने घरी आले आणि दार लावून ढसाढसा रडले. मेला कसला राग आला होता!

अर्ज मंजूर झाला. पास द्यायला नगरपालिकेचा कारकून त्याच पडवीत टेबल मांडून बसला. पहिला मान हेडक्लार्कांचा. त्यांनी ऐटीत कागद पुढे केले. कारकुनाने वाचले आणि परत दिले. पत्ता मुंबईचा! स्कूटर मुलाने तिकडे नंबर लावून घेतलेली, ट्रकातून इकडे पाठवलेली. दुसऱ्याची गाडी दादरच्या भावाच्या नावावर, तिसऱ्याची जावयाच्या. आमच्याकडे ट्रंक, रेडिओ, घड्याळ जसं मुंबईहून यायचं तशीच स्कूटरही यायची. कागदांवर पत्ता कुठला, हे बघतो कोण? इथल्या पत्त्याची गाडी निघाली एकच. रिक्षा इथे चालवायची तर कागद इथले लागतात, आणि मालकिणीने आम्ही तिच्याकडे राहतो असं स्वतः लिहून दिलं होतं. पास नंबर एक आमचा. नंबर दोन कुणाचाच नाही.

मी हसले. अगदी पोट धरून हसले, पडवीसमोर उभी राहून.

मग सगळ्यांच्या स्कूटरी स्टँडवर उभ्या राहू लागल्या. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांची स्टेपनी चोरीला गेली. चौथ्या दिवशी ते आमच्या दारात. नियम रद्द करायचा तर अर्जावर पासवाल्याची सही हवी, असं नगरपालिकेने सांगितलं होतं.

"वहिनी, एक सही हवी होती," ते म्हणाले. बाईची वहिनी झाले होते मी.

"या की आत, बसा." मी चटई टाकली, चहा पुढे ठेवला.

"नको, आत्ताच झाला."

"मग सहीचंही बघू निवांत."

"गप गो," नवरा मागून पुटपुटला. मी कसली गप बसते! हेडक्लार्क कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी कप उचलला आणि तळापर्यंत प्यायले.

मी अर्ज हातात घेतला. "आम्ही गल्लीतील समस्त रहिवासी" अशी सुरुवात, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि माझ्यासाठी तळाच्या कोपऱ्यात बोटभर जागा.

"हा नको. नवीन लिहा. रहिवाशांत पहिली सही माझी."

त्यांनी तिथेच चटईवर बसून, त्या वळणदार अक्षरात अर्ज पुन्हा लिहिला. मी सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली. त्यांनी दुसरी केली.

नियम गेला, सगळ्यांच्या स्कूटरी गल्लीत परत आल्या. आमच्या दारातल्या जागेवर मात्र पुन्हा कुणी गाडी लावली नाही.