उलटे वेढे

रावसाहेब ओव्हाळांना आयुष्यात एक शब्द कधी उच्चारता आला नाही, तो म्हणजे ‘चुकलं’. कारखान्यात प्रेसखाली उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं पेर गेलं, तेव्हाही त्यांनी मशीनचीच चूक काढली होती. पुढे नोकरी सोडून त्यांनी कर्वेनगरात इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांच्या हाताला गुण होता हे कुणीही सांगेल. तोंडाला नव्हता.

पेरं गेल्यावर एक काम मात्र त्यांना जमेना, ते म्हणजे जोड गळू नये म्हणून फिटिंगच्या आट्यांवर पातळ पांढरी टेप गुंडाळायचं. टेप निसटायची, चुरगळायची आणि रावसाहेब चिडायचे. म्हणून ते काम त्यांच्या पत्नी कौशल्याबाई करायच्या. घरचं आवरून दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि मागतील ते गुंडाळून द्यायच्या. अशी बावीस वर्षं गेली. पण त्या पडल्या डावखुऱ्या. फिटिंग ज्या दिशेनं आवळायचं, त्याच दिशेनं टेप गुंडाळावी लागते. नाहीतर आवळताना ती सुटत जाते आणि गोळा होऊन बसते. जरा लक्ष उडालं की कौशल्याबाईंचा हात उलटा फिरायचा. रावसाहेब टेप ओरबाडून काढायचे आणि ‘उलटं’ एवढंच म्हणायचे. त्या पुन्हा गुंडाळायच्या.

फेब्रुवारीत पाषाण तलावातली जलपर्णी काढणाऱ्या बोटीचं काम आलं. तिच्या इंजिनाचा ऑइल सोडायचा बोल्ट अशा अडचणीत होता की पानाच लागेना. त्या जागी पितळी फिटिंग बसवून नळी जोडायची, म्हणजे पुढच्या खेपेला ऑइल सुखानं सोडता येईल, असं रावसाहेबांनी ठरवलं. तलावावर बरोबर आलेल्या कौशल्याबाईंनी फिटिंग गुंडाळून पुढे केलं. उलटं. काठावर बोटीवरची माणसं चहा पीत उभी होती, ठेकेदाराचा इंजिनिअर अनिरुद्धही होता. रावसाहेबांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे.

“बावीस वर्षं झाली,” ते सगळ्यांदेखत म्हणाले, “अजून उलट-सुलट कळत नाही. उद्यापासून घरीच बसत जा.”

माणसं चहाच्या कपात बघायला लागली. कौशल्याबाईंनी ती टेप काढली. नवी गुंडाळली. वेढे पुन्हा उलटेच पडले.

रावसाहेबांनी ते पाहिलं. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा ते गप्प बसले. तिच्यासमोर तीही टेप उकलायची त्यांची छाती झाली नाही. तळाच्या ऑइलला दाब नसतो, वर्षभर धकेल, पुढच्या वेळी बदलू, अशी मनाची समजूत घालून त्यांनी फिटिंग तसंच आवळलं. ही त्यांनी मागितलेली माफी होती. पण ती माफी आहे हे कौशल्याबाईंना कळणार कसं?

संध्याकाळी बोलू, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी कौशल्याबाईंनी नेहमीसारखी भाकरी वाढली, तेव्हा वाटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या नाहीत. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “तुम्हीच म्हणालात ना.” आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच रावसाहेबांना पुढे बोलता आलं नाही. मार्चच्या अखेरीस एका दुपारी कपडे वाळत घालताना कौशल्याबाईंच्या छातीत कळ आली, आणि रिक्षा दारात येईपर्यंत त्या गेल्या.

नातेवाईक आले, बुद्धवंदना झाली, सगळे आपापल्या घरी गेले. रावसाहेबांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. बोटीचं काम तेवढं ठेवलं, कारण त्यासाठी तरी सकाळी उठून अंगात शर्ट घालावा लागे.

ऑक्टोबरात बोट तलावाच्या मधोमध बंद पडली. अनिरुद्धचा फोन आला. तो शनिवार पेठेतला, त्यामुळे टोमण्यासाठी आवाज चढवायची त्याला गरज नव्हती.

“काका, आपल्या इंजिनाला ऑइल पोटात ठेवायची सवय दिसत नाही. सवड झाली की येऊन बघता का?”

रावसाहेब गेले. बोटीवरच्या माणसांनी बोट ओढून काठाला आणली होती. बोटीच्या तळाला काळं ऑइल साचलं होतं. पालथं पडून त्यांनी खाली हात घातला, फिटिंग ओलं लागलं. पाना लावायच्या आधीच त्यांना सगळं कळलं होतं. उरलंसुरलं ऑइल डब्यात सोडून, नळी काढून त्यांनी फिटिंग सोडवलं आणि उजेडात धरलं. टेप आट्यांच्या मुळाशी गोळा झाली होती, पण दोन वेढे शाबूत होते. उलटे. घरात कौशल्याबाईंच्या साड्या होत्या, चष्मा होता, फोटो होता. पण त्यांचा हात कसा फिरायचा, ते फक्त इथे उरलं होतं. रावसाहेबांना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही. पालथ्या माणसाचं तोंड कोणाला दिसत नाही.

नव्या फिटिंगवर त्यांनी स्वतः टेप गुंडाळली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा टोक दातात धरलं तेव्हा जमली. सुलट. फिटिंग आवळलं, नळी जोडली, नवं ऑइल भरलं, इंजिन पंधरा मिनिटं चालवलं आणि खालून फडकं फिरवून पाहिलं. फडकं कोरडं निघालं.

अनिरुद्धनं जुनं फिटिंग उचलून निरखलं.

“टेप उलटी आहे, काका.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “त्या दिवशी काकू होत्या ना गुंडाळायला? मी ठेकेदारसाहेबांना तसं सांगतो. ते कंपनीचा माणूस लावायच्या गोष्टी करतायत. तुमची चूक नाही म्हटल्यावर काम तुमच्याकडेच राहील.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कौशल्याबाई काही उठून नाही म्हणायला येणार नव्हत्या. जिवंतपणीही त्या कुठे म्हणाल्या होत्या?

“गुंडाळली तिनं,” रावसाहेब म्हणाले, “पण आवळली मी. उलटी आहे हे बघून आवळली. चुकलं माझं.”

शब्द सहज बाहेर आला. इतका सोपा होता तो, हेच रावसाहेबांना सोसेना. याच काठावर, याच माणसांसमोर, आठ महिन्यांपूर्वी म्हणायचा होता.

“ठीक आहे हो,” अनिरुद्ध अवघडून म्हणाला. “पण मग पुढच्या महिन्यापासून...”

“येऊ द्या त्यांचा माणूस,” रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “ते तेवढं द्या मला.”

अनिरुद्धनं फिटिंग त्यांच्या हातावर ठेवलं. रावसाहेबांनी शर्टाच्या टोकानं त्याच्यावरचं ऑइल पुसलं. टेपला हात लावला नाही.