गुडघा, कंबर, बेंबी आणि मी

माझी जांघ चार महिने दुखत होती आणि त्या चार महिन्यांत घरच्यांनी जांघ सोडून माझ्या सगळ्या अंगावर इलाज केले.

चूक माझीच. पिंपरीला तेव्हा नवीनच कारखाना निघाला होता आणि मी तिथे हंगामी कामगार होतो. (हंगामी म्हणजे आज आत, उद्या गेटवरूनच परत!) फोरमनसाहेबांनी मला घेतलं होतं ते माझं काम पाहून नव्हे, हुतूतूतल्या चढाया पाहून. "दिवाळीनंतर सामने आहेत. टीममध्ये टिकलास तर कायम करतो," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. आणि इकडे चढाईत पाय लांब टाकला, की मांडीच्या मुळाशी अशी कळ यायची की 'हुतूतू'चा दम 'आई गं'वर सुटायचा!

पण ही जागा वडीलधाऱ्यांना दाखवायची कशी? चिंचवडच्या आमच्या घरात थोरल्यांपुढे पायावर पाय टाकून बसायची चोरी, तिथे हे!

"लंगडतूस का रं?" आईनं विचारलं.

"गुडघा," मी म्हणालो.

तिनं निर्गुडीचा पाला उकळून आठवडाभर गुडघा शेकला. मग अण्णांनी विचारलं. वडिलांपुढे निदान खऱ्या जागेच्या जरा जवळ जावं म्हणून मी म्हणालो, "कंबर."

"उसण भरलीय! गजराकाकूला बोलवा!"

शेजारच्या गजराकाकू पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. अशा माणसाची लाथ बसली की उसण पळते, ही आमच्याकडची खात्री. काकूंनी मनापासून तीन लाथा घातल्या. उसण तोवर नव्हती, ती त्या दिवशी भरली.

त्यामुळे चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी विचारलं तेव्हा कंबर म्हणायची हिंमतच उरली नव्हती. मी म्हणालो, "पोट."

"बेंबी सरकली आसंल!" तात्यांनी मला उताणं पाडून बेंबीवर पेटती पणती ठेवली आणि वर तांब्या पालथा घातला. तांब्या असा चिकटला की काढायला दोन माणसं लागली!

मग माझा पुरता गोंधळ उडाला. आई दिसली की गुडघा धरायचा, अण्णा दिसले की कंबर, तात्या दिसले की पोट. एका सकाळी तिघं एकदम ओसरीवर आले. मला हात दोनच! मी घाबरून डोकं धरलं.

"आता डोस्क्यात गेलं!" आईनं हंबरडा फोडला.

तिघांनी मला बैलगाडीत घालून स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. "गुडघा हाय!" "न्हाई, कंबर!" "आवं, बेंबी!" अशी त्यांची जुंपली. डॉक्टरांनी तिघांना बाहेर काढलं, मला आडवं केलं आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये आपली मूठ धरली.

"दाब."

मी दाबली आणि ओरडलो. दाराच्या फटीतून बघत आई म्हणाली, "बघा, गुडघाच!"

"जांघेतला स्नायू दुखावलाय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "दुखत असताना खेळत राहिलास, म्हणून बरा होत नाही. सहा आठवडे चढाई बंद. कळ कमी झाली की रोज गुडघ्यांत उशी धरून दाबायची, हळूहळू जोर वाढवायचा. आणि आधीच का नाही सांगितलंस?"

चार महिने मी कण्हत होतो ते निव्वळ लाजेपायी, हे तेव्हा मला चांगलंच झोंबलं.

मी खरोखर सहा आठवडे गप्प बसलो, उशी दाबली. (आईची समजूत, पोराला झोप येत नाही!) दिवाळीनंतर खेळलो, जिंकलो आणि फोरमनसाहेबांनी शब्द पाळला. कायम होण्यासाठी फक्त कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी राहिली.

"पूर्वी काही दुखणं?" त्यांनी विचारलं.

या वेळी खरं सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"गुडघा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि उभ्याचं काम मला कायमचं वर्ज्य केलं. त्या कंपनीत मी पुढे तीस वर्षं एका स्टुलावर बसून नोकरी केली. बसून बसून माझी जांघ पुन्हा धरली. गुडघा मात्र आजही ठणठणीत आहे!