कोणचा टावर?

त्या दिवशी वस्तीच्या नळापाशी मी होते, माझी सून कमल होती, शेजारची नसीम होती, फाईल घेऊन आलेला एक पांढऱ्या शर्टाचा मानूस होता, आन् आमचे भाऊजी. भाऊजी म्हंजे माझे धाकले दीर. एका शब्दापायी उभा जन्म घालवलेला असा मानूस सगळ्या नाशकात दुसरा नसंल. देवळाली कॅम्पात एका लायब्रीत झाडू मारायचे. रिटायर झाले तवा तिथली फाटकी डिक्शनरी घेऊन आले आन् त्यातल्या टावरपाशी जे अडकले ते अडकलेच. फोन लागंना झाला की आमच्यात म्हनत्यात, टावर गेला. एकदा माझी लेक सासरहून रडत बोलत होती, मधीच आवाज तुटला. मी वरडले, "टावर गेला गं!" तर भाऊजी लुंगी सावरत बाहीर, "कोणचा, वैनी? फोनचा, विजेच्या तारांचा, का किल्ल्याचा?" मला रडावं का हसावं कळंना. च्या प्यायला बसले तरी तेच. "वैनी, शब्द इंग्रजांचा बी नाय. लई जुना हाय. रोमवाले तुर्रिस म्हनायचे, तिथून फ्रान्समार्गे आला." मी म्हनले, "तुर्रिस? मंग आपल्या फेट्याचाच तुरा पळवला त्यांनी." तर आठ दिवस तेच शोधत बसले. "आन् तीच इंग्रजी अक्षरं टोअर अशी वाचली का मंग गाडी टो करून वढून नेनारा!" म्हनायचे, आन् आपलेच हसायचे.

तर तो फाईलवाला म्हनला, "मावशी, तुमच्या वस्तीत टावर येतोय, अंगठा द्या." आमच्या गल्लीत फोन लागायचा नाय. लेकीशी बोलायला इंदिरानगरच्या रस्त्यापत्तर चालत जावं लागायचं. आमाला वाटलं, देव पावला. भाऊजी मधी पडले, "साहेब, कोणचा टावर ते लिवून द्या. वैनी, थांबा." नसीम म्हनली, "भाईजान, जेवढे असतील तेवढे येऊ द्या की!" सगळ्यांत जास्त मी हसले. म्हनले, "भाऊजी, ती डिक्शनरी भाकर घालती का तुमाला?" मी अंगठा दिला.

चौदा मजल्यांचा टावर आला. माझी चूल होती तिथं आता गाड्या लावत्यात. तो मानूस खोटं बोलला नाय, टावरच म्हनला होता. भाऊजींनी अंगठा दिला नव्हता, पर चार भिंती एकट्यानं किती दिस उभ्या ऱ्हातील? त्यांचं बी पाडलं. घर सोडायच्या दिवशी माझी पेटी त्यांनीच डोक्यावर घेऊन टेम्पोत ठिवली. "मी म्हनलो होतो" असं एका शब्दानं म्हनले नायत. म्हनले असते तर बरं झालं असतं. मंग पेठ तालुक्यात चुलत पुतनीकडं गेले, ते परत आले नायत. मी आता कमलसंगं भाड्याच्या खोलीत हाय. चाललंय.

हे वाचनाऱ्यांपैकी कोनी पेठकडं जात असाल, तर त्यांना येवढंच सांगा, वैनीनं हसायला नको होतं.