काकूची सही

माझ्या काकूच्या उजव्या हाताची तीन बोटं राळेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये गेली आणि कागदोपत्री ती माझ्या आईची गेली. आई मात्र पाचही बोटांनी भाकरी थापत होती आणि त्याच हातानं मला धपाटे घालत होती.

झालं असं, की ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीनं शेतं खाल्ली, हंगाम आखडला आणि जिनिंगवाल्यानं ठरवलं, घरटी एकाच बाईला काम द्यायचं. आमच्या घरात जावा दोन, खाणारी तोंडं सात. हजेरीत आईचं नाव लागलं. मग एक दिवस आई जायची, एक दिवस काकू. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यावर कापूस टाकायला कोण उभी आहे, हे मुनीम बघत नसे. सही झाली की त्याचं काम संपलं. गावातल्या निम्म्या बाया अशाच दुसरीच्या नावानं कामाला जायच्या.

विहारातल्या साक्षरता वर्गात काकू लिहायला शिकली, ती यासाठीच. बाकीच्या बाया पाटीवर आपापलं नाव गिरवायच्या, ही आईचं. मी एकदा म्हणाले, "काकू, सोताचं नाव तं शिक." ती म्हणाली, "माह्यं नाव कोन इचारते वं? जिनिंगात तुह्या मायचंच लागते." आईची सही ती आईपेक्षा झोकात करायची. त्यावरून दोघींची नेहमी जुंपायची.

रेच्यात कापूस अडकला तर मशीन थांबवायची पद्धत नव्हती. थांबवली की ओरडा बसायचा. म्हणून त्या दिवशी काकूनं चालू मशीनमध्ये हात घातला आणि रोलरांनी तो ओढून घेतला. यवतमाळच्या दवाखान्यात नाव विचारलं, तेव्हा त्या अवस्थेतही तिनं आईचंच सांगितलं. खरं सांगितलं तर घरची कामाची जागा जाईल, एवढाच तिचा विचार. मला आजही त्याचा राग येतो आणि तिच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटतो, दोन्ही एकदम.

पुढची चूक माझी. मी बारावीला होते आणि घरात शहाणी समजली जायचे. जिनिंगवाल्यानं अंग काढून घेतलं, तेव्हा कामगार कार्यालयात द्यायचा भरपाईचा अर्ज मीच लिहिला, तोही आईच्या नावानं. हजेरी तिच्या नावाची, दवाखान्याचा कागद तिच्या नावाचा, मग अर्जही तसाच हवा, असं मला वाटलं.

सुनावणीला साहेब आईला म्हणाले, "हात दाखवा." आईनं दोन्ही हात पुढे केले. दहा बोटं. मुनीम हसला. "साहेब, आमच्या हजेरीतली बाई धडधाकट आहे. आणि ही दुसरी आमच्याकडे कधी कामालाच नव्हती." काकूची सहा वर्षांची मेहनत त्यानं एका वाक्यात पुसली होती आणि खोडरबर मीच त्याच्या हातात दिलं होतं.

आई उठली. "साहेब, नाव माह्यं हाय, हात तिचा हाय. घरटी एकच बाई घेतेत, म्हनून दोघी मिळून एक झालो. आमचं चुकलं. पन बोटं तं खरीच गेली न?"

साहेबांनी विचारलं, साक्ष कोण देणार? आमच्यासोबत आलेल्या चार बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोलल्या तर त्यांचंही बिंग फुटणार आणि काम जाणार, हे त्यांना कळत होतं. काकूनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, बोलू नका म्हणून. तरी त्यातली सगळ्यात म्हातारी पुढे आली. "मी माह्या सुनेच्या नावानं जातो. हिच्या बाजूच्याच रेच्यावर असतो. हिचा हात म्याच सोडवला." मग दुसरी बोलली. मग उरलेल्या दोघी. मुनीम डोळे वटारून बघत होता आणि मी तिथंच ढसाढसा रडत होते.

निकालाला खूप चकरा पडल्या. पण लागला तो आमच्या बाजूनं: काकू त्या जिनिंगची कामगार होती, तिला भरपाई द्यायची आणि झेपेल असं हलकं कामही. साक्ष देणाऱ्यांपैकी दोघींना मात्र पुढच्या हंगामात कामावर घेतलं नाही. अजूनही त्यांच्या घरी बरणी पोचल्याशिवाय काकू आम्हाला नव्या लोणच्याला हात लावू देत नाही.

निकालाच्या कागदावर सही करायला तिला बोलावलं. तिनं पेन डाव्या हातात धरलं. आई म्हणाली, "अंगठा लाव न वं, कायले तरास घेते?"

"थांबा जाऊबाई," काकू म्हणाली.

घरी माझी जुनी पाटी घेऊन ती काय गिरवत बसायची, ते मला तेव्हा कळलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, एक तर ओळ सोडून खाली गेलं. उजव्या हातानं ती कायम आईचंच नाव लिहीत आली होती. डाव्यानं लिहिलेलं पहिलं नाव तिचं स्वतःचं होतं.