गाडी भरायचा महिना

मी बारावी पास झाले त्या वर्षी आमच्या गावाला वर्ध्याची सकाळची एसटी सुरू झाली, पण महिनाभराच्या बोलीवर. प्रवासी कमी दिसले तर ती बंद होणार होती, आणि तिच्याबरोबर माझं कॉलेजही. मग सरपंचबाईंनी घरोघरी जाऊन ठरवून दिलं: काम असो वा नसो, रोज दहा घरांतून एकेकानं गाडीत बसायचं. भाजी लावणाऱ्या बायका टोपल्या घेऊन निघाल्या. शेजारचे आबाजी तर रिकाम्या हातानं चढले.

"आबाजी, वर्ध्याले काय काम काढलं?" कंडक्टरनं विचारलं.

"काई नाई. या पोरीले कॉलेजात पोचवून राह्यलो," ते म्हणाले. "तू तिकीट दे न बापा, चौकशा काऊन करतं?"

सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मला लाज वाटली की भरून आलं, हे अजूनही नीट सांगता येत नाही.

महिना संपला आणि गाडी टिकली. तोवर बायकांना वर्ध्यात कायमचं गिऱ्हाईक मिळालं होतं, त्यामुळे मुद्दाम कुणी बसायची गरज उरली नाही. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. टोपल्यांच्या गर्दीत बहुतेकदा उभ्यानंच जाते, आणि बिनकामाच्या माणसांनी भरलेली ती गाडी आठवत राहते.